उघड्या वाळूवर अंडी घालणारे पक्षी जागा कशी निवडतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

समुद्रकिनाऱ्यावर आणि नदीच्या पात्रात, झाडाझुडपांपासून दूर, थेट जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांविषयी वाचकांची अनेक पत्रे आली आहेत. त्यांपैकी जी पत्रे घरट्याच्या जागेच्या निवडीशी संबंधित आहेत, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एका प्रश्नात सामावून घेतली असून प्रश्नांची भाषा थोडी संक्षिप्त केली आहे.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर मातकट पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे लहान पक्षी लाटांच्या कडेने तुरुतुरु धावताना दिसतात. त्यांना केंटिश चिखल्या म्हणतात, असे कळले. हा पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो, असे वाचनात आले. मागे सुरूचे बन आणि केवड्याची जाळी असताना तो असे उघड्यावर अंडी घालण्याचे धाडस का करतो? (एक वाचक, गुहागर)

आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारे यांपैकी बहुतेक पक्षी पाहुणे असतात आणि उन्हाळा लागण्याच्या सुमारास विणीसाठी निघून जातात. भारतात या पक्ष्याची वीण गुजरातमधील मिठागरांच्या परिसरात होते. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत राहणारे याच रूपाचे पक्षी 2023 मध्ये संशोधकांनी वेगळी जात म्हणून मांडले आणि त्यांना हनुमान प्लोव्हर (प्लोव्हर हे चिखल्याचे इंग्रजी नाव) हे नाव दिले. युरोप, तुर्कस्तान आणि आखाती देश येथे केंटिश चिखल्याचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच तपशिलाने देता येते.

घरट्याची तयारी नर करतो. तो छाती वाळूवर टेकवतो, पायांनी वाळू मागे उडवतो आणि जागच्या जागी गोल फिरत बशीएवढा उथळ खळगा तयार करतो. असे खळगे तो एकाच परिसरात अनेक करतो. मादी त्यांत बसून पाहते आणि अखेर एक पत्करते. त्यात सहसा तीन अंडी घातली जातात. पक्ष्याचे वजन सुमारे 40 ग्रॅम असते, आणि तीन अंड्यांचे मिळून वजन त्याच्या निम्म्याहून अधिक भरते. इतकी मोठी गुंतवणूक मादी निष्काळजीपणे कुठेही टाकून देत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता जाळीविषयी. आपण घरटे लपवण्याचा विचार करतो, तेव्हा आपल्या मनात फक्त अंडी असतात. पक्ष्याला मात्र दोन जीव सांभाळायचे असतात : अंड्यातला आणि स्वतःचा. दाट झुडपाखाली बसलेल्या पक्ष्याला सावली मिळते, वारा अडतो, अंडीही सहज दिसत नाहीत. पण त्याला स्वतःलाही बाहेरचे दिसत नाही. कोल्हा किंवा मुंगूस अगदी जवळ येईपर्यंत पत्ता लागला नाही, तर अंड्यांबरोबर पालकही जातो. अंडी गेली तर त्याच हंगामात पुन्हा घालता येतात. पालक गेला तर पुढचे सगळे हंगाम गेले.

दक्षिण स्पेनमधील फुएन्ते दे पिएद्रा या खाऱ्या सरोवरावर खुआन अमात आणि होसे मासेरो यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांचा निबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे उन्हाळ्यात उघड्या जागी बसणे पक्ष्याला फार जड जाते आणि झुडपाखालची जागा उष्णतेच्या दृष्टीने उघडच चांगली असते. तरीही बहुसंख्य घरटी उघड्यावर होती. कारण आडोशाच्या घरट्यांवर अंडी उबवणारे पक्षी शिकाऱ्यांच्या तावडीत अधिक सापडत होते. म्हणजे ऊन सोसणे ही पक्ष्याने आपल्या जिवासाठी मोजलेली किंमत आहे.

याच्या पुढचा टप्पा व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरील अभ्यासात सापडतो. मिगेल आंखेल गोमेझ-सेर्रानो आणि पास्कुआल लोपेझ-लोपेझ यांनी घरट्यात बसलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांना प्रत्यक्ष किती दूरचे दिसते, हे मोजण्यासाठी उलटा पेरिस्कोप, म्हणजे उभ्या माणसाला जमिनीलगतचे दृश्य दाखवणारे उपकरण, बनवून घेतला. माणूस उभा राहून पाहतो तेव्हा त्याला सगळे मैदान मोकळे वाटते, पण वाळूपासून जेमतेम काही सेंटिमीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांपुढे एखादा लहानसा उंचवटा किंवा गवताचा झुबका अर्धे क्षितिज झाकून टाकतो. म्हणून हे उपकरण महत्त्वाचे ठरले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पक्ष्यांनी निवडलेल्या जागांवरून आसपासच्या इतर जागांच्या तुलनेत माणसे आणि कुत्री अधिक चांगली दिसत होती. परंतु त्याच वेळी, ज्या घरट्यांभोवती थोडी अधिक झाडी होती, त्यांतील अंडी अधिक काळ टिकत होती. दोन्ही गोष्टी एकाच जागी पुरेपूर मिळणे शक्य नसते, त्यामुळे पक्षी मधला मार्ग काढतो. पूर्ण उघडे मैदान असले तरी खळगा बऱ्याचदा एखादी काटकी, वाहून आलेला ओंडका किंवा विरळ रोपटे यांच्या शेजारी आढळतो, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते.

आपल्या पत्रातील सुरूच्या बनाचा उल्लेख याच दृष्टीने पाहावा. किनाऱ्याची वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेले दाट बन माणसाला आडोशाचे वाटते, पण या पक्ष्याला ते शिकारी लपण्याचे ठिकाण वाटते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळू स्थिर करण्यासाठी युरोपातील एक गवत मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते पसरले तेव्हा तेथील स्नोई प्लोव्हर या जवळच्या नात्यातील पक्ष्याच्या विणीच्या जागा आक्रसल्या. ते गवत उपटून काढणे हा आता तेथील संवर्धनकामाचा भाग झाला आहे.

प्रश्न : या पक्ष्यांची अंडी वाळूसारखीच दिसतात. पण वाळू सगळीकडे सारखी नसते. आपल्या अंड्यांना शोभेल अशी वाळू पक्षी निवडतात का, की हा केवळ योगायोग असतो? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, अलिबाग)

निवडतात, आणि याचा पुरावा आता चांगला भक्कम आहे. झांबियामध्ये मार्टिन स्टीव्हन्स, जोलिऑन ट्रॉशांको, क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर अंडी घालणाऱ्या चिखल्या, धाविक आणि रातवा या गटांतील पक्ष्यांचा अभ्यास केला. माणसाच्या डोळ्याला जुळणारा रंग शिकाऱ्याच्या डोळ्यालाही जुळेलच असे नसते, म्हणून त्यांनी विशेष कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेतली आणि पक्ष्यांच्या व सस्तन शिकाऱ्यांच्या दृष्टीला ती अंडी कशी दिसतील, हे गणिताने काढले. 2016 आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली अशी की, चिखल्या आणि धाविक यांच्या बाबतीत अंड्यांचे जमिनीशी जुळणे निर्णायक ठरते, तर रातव्याच्या बाबतीत बसलेल्या पक्ष्याच्या पिसांचे जुळणे निर्णायक ठरते. रातवा शेवटच्या क्षणापर्यंत अंड्यांवरून हलत नाही, म्हणून त्याची पाठ हीच अंड्यांवरची चादर असते. चिखल्या धोका दूर असतानाच हळूच उठून निघून जातो आणि अंडी उघडी पडतात, म्हणून ती स्वतःच्या रंगावर जगली पाहिजेत. पहिल्या प्रश्नात आपण पाहिलेली दूरवरचे दिसण्याची गरज आणि अंड्यांचा रंग या गोष्टी एकमेकींशी अशा जोडलेल्या आहेत : ज्याला लवकर पळायचे आहे, त्याला लवकर दिसले पाहिजे आणि त्याची अंडी त्याच्याशिवाय लपली पाहिजेत.

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. एकाच जातीतील निरनिराळ्या पक्ष्यांच्या अंड्यांत किंवा पिसांत छटांचा थोडा फरक असतो, आणि प्रत्येक पक्ष्याने निवडलेली जागा त्या विशिष्ट पक्ष्याच्या छटेशी इतरांपेक्षा अधिक जुळणारी होती. म्हणजे निवड जातीपुरती ठरलेली नसून व्यक्तीपुरती होत होती. पाळीव जपानी लाव्यांवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही माद्यांनी निरनिराळ्या रंगांच्या जमिनींमधून आपापल्या अंड्यांच्या ठिपक्यांना साजेशी जमीन निवडली होती.

जागा निवडल्यावरही काम संपत नाही. चिखल्याची जोडी खळग्यात आणि त्याच्या कडेला शिंपल्यांचे तुकडे, बारीक खडे, वाळक्या काड्या आणून टाकते, आणि ही भर अंडी घातल्यानंतरही चालू राहते. त्यामुळे अंड्याची गोल कड तुटक दिसते आणि नजर तिच्यावर ठरत नाही. पिल्लू बाहेर आले की पालक रिकामी टरफले उचलून दूर नेऊन टाकतात, कारण टरफलाची आतली बाजू पांढरी असते. त्या पांढऱ्या रंगामुळे शिकारी येतात, हे निको टिनबर्गेन यांनी 1960 च्या सुमारास काळ्या डोक्याच्या कुरवांवर साध्या प्रयोगांनी दाखवून दिले होते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे वाळूवर पाय ठेवत नाही. त्या वाळूवर अंडी शिजत कशी नाहीत? कासवांप्रमाणे ती पुरून ठेवणे सोपे झाले नसते का? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

आपली शंका रास्त आहे. भर दुपारी उघड्या वाळूचा पृष्ठभाग 50 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, आणि अंड्यातील गर्भ 40 अंशांच्या वर फार काळ तग धरू शकत नाही. त्यामुळे उष्ण प्रदेशात 'अंडी उबवणे' हा शब्दच अपुरा पडतो. तेथे दिवसाचे मुख्य काम अंडी थंड ठेवण्याचे असते. पालक दुपारी अंड्यांवर बसण्याऐवजी त्यांच्यावर पाय रोवून उभे राहतात आणि स्वतःच्या अंगाची सावली देतात. जवळ पाणी असेल तर ते जाऊन पोटाची पिसे भिजवतात आणि परत येऊन अंड्यांना तो ओलावा देतात. केंटिश चिखल्याच्या बाबतीत हे स्पेनमध्ये आणि अबू धाबीजवळच्या अल वथबा या पाणथळीवर अभ्यासले गेले आहे. आपल्या परिसरातील टिटवीही असेच करते, आणि मे महिन्यात तळ्याच्या काठावर थोडा वेळ शांत बसल्यास ते पाहायला मिळू शकते.

यावरून जागेच्या निवडीत पाण्याचे अंतर का महत्त्वाचे आहे, हे कळते. पाणी फार लांब असेल, तर पोट भिजवायला गेलेला पक्षी परत येईपर्यंत अंडी तापतात. साधारणतः या पक्ष्यांत मादी दिवसा आणि नर रात्री अंड्यांवर असतो, पण अतिशय उष्ण ठिकाणी भर दुपारी दोघेही थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलतात. एकट्याने हे काम निभणारच नाही. लाल समुद्रातील फरासान बेटांवर तर यातील अनेक जोड्या झुडपाच्या सावलीत अंडी घालतात. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या स्पेनमधील पक्ष्यांनी उलट निवड केली होती. दोन्हींत विसंगती नाही. जिथे उन्हाचा धोका शिकाऱ्याच्या धोक्यापेक्षा मोठा होतो, तिथे पारडे सावलीकडे झुकते.

पुरण्याविषयी आपण म्हणता तसे करणारे पक्षीही आहेत. आफ्रिकेतील नद्यांच्या वाळूच्या बेटांवर राहणारा इजिप्शियन प्लोव्हर आपली अंडी वाळूखाली झाकतो आणि वरून ओल्या पोटाने पाणी आणून ती वाळू भिजवत राहतो. क्रॅब प्लोव्हर हा दुसरा पक्षी हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः कच्छच्या आखातात येतो. तो अरबी समुद्राच्या आणि लाल समुद्राच्या परिसरातील बेटांवर वाळूत लांब बीळ खणतो आणि आत एकच अंडे घालतो. बिळातील उबेमुळे त्याला अंड्यावर फारसे बसावे लागत नाही. त्याचे अंडे पांढरेशुभ्र असते. अंधारात ठिपक्यांची गरज नसते. दुसऱ्या प्रश्नातील विद्यार्थिनीने हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे.

कासवाशी मात्र तुलना फार पुढे नेता येत नाही. वेळास किंवा आंजर्ले येथे किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले मादी अंडी खोलवर पुरून समुद्रात परत जाते आणि ती पुन्हा तिकडे फिरकत नाही. तेवढ्या खोलवर वाळूचे तापमान बरेचसे स्थिर असते आणि सरपटणाऱ्या प्राण्याच्या गर्भाला ते पुरते. पक्ष्याच्या गर्भाला अधिक नेमके तापमान लागते आणि अंडी अधूनमधून फिरवावी लागतात, म्हणून पालकाला हाताशी असावे लागते.

प्रश्न : टिटवीची अंडी समुद्र पळवतो ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आहे. खरोखर हे पक्षी भरतीचा अंदाज घेऊन जागा ठरवतात का? आमच्याकडे असेही म्हणतात की टिटवीने उंचावर अंडी घातली तर त्या वर्षी पाऊस मोठा होतो. (एक वाचक, मालवण)

त्या गोष्टीतील टिटवीण नवऱ्याला विचारते की, भरतीचे पाणी इथवर येईल, तेव्हा आपण दुसरी जागा पाहू या. प्रश्न अगदी योग्य होता. किनाऱ्यावर घरटे करणारे पक्षी सामान्यतः रोजच्या भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे काडीकचरा आणि शिंपल्यांची ओळ साचते त्याच्याही मागे, राहतात. आपल्या किनाऱ्यावर मर्यादवेल जिथून सुरू होते, तो साधारण हा पट्टा. फार मागे जाणेही त्यांना परवडत नाही, कारण तिथे झाडी दाट होते, आणि पिल्लांचे अन्न पाण्याजवळ असते. चिखल्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर अंग सुकताच चालू लागतात आणि स्वतःच टिपून खातात. पालक त्यांना भरवत नाहीत. त्यामुळे घरट्यापासून ओल्या वाळूपर्यंत पिल्लांना पायी जाता आले पाहिजे, ही अटही जागेच्या निवडीतच सामावलेली असते.

परंतु रोजची भरती ओळखणे वेगळे आणि वादळाच्या वेळचे उधाण ओळखणे वेगळे. नेदरलँड्समधील स्कीरमोनिकोख या बेटावर कालवफोड्या पक्ष्यांचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. तेथील खाजणात उन्हाळी उधाणे वाढल्यामुळे घरटी पाण्याखाली जातात. ज्यांची घरटी बुडाली त्या पक्ष्यांनी पुढच्या वेळी अधिक उंच जागा निवडली का, हे लियाम बेली आणि सहकाऱ्यांनी तपासले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तसे आढळले नाही. वाईट अनुभव येऊनही पक्षी उंची बदलत नव्हते. समुद्राची पातळी वाढत असताना ही बाब मला सर्वांत चिंताजनक वाटते. या पक्ष्यांची निवड ज्या खुणांवर आधारलेली आहे, त्या खुणा पूर्वीच्या समुद्राच्या आहेत.

समुद्र फक्त हिरावूनच घेतो असेही नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या सँडी वादळाने किनाऱ्यालगतच्या अरुंद बेटांवरील वाळूचे डोंगर सपाट केले आणि झाडी पुरून टाकली. माणसांचे अपरिमित नुकसान झाले, पण जिथे ती सपाट, उघडी वाळू तशीच राहू दिली गेली, तिथे पायपिंग प्लोव्हर या दुर्मीळ पक्ष्याला नव्या जागा मिळाल्या आणि पुढील वर्षांत त्याच्या जोड्या वाढल्या. किनारा अधूनमधून विस्कटला जाणे ही या पक्ष्यांची गरज आहे. एकाच जागी गोठवलेला किनारा हळूहळू झाडीने भरतो आणि त्यांना निरुपयोगी होतो.

पावसाच्या ठोकताळ्याविषयी : टिटवी पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यांत अंडी घालते आणि बांध, ढिगारा, कधी कधी तर इमारतीची खडी पसरलेली गच्चीही निवडते. कोरडी, निचरा होणारी आणि चौफेर दिसणारी जागा तिला हवी असते. तिची निवड आज समोर असलेल्या जमिनीवर अवलंबून असते. कालवफोड्याला गेल्या वर्षीच्या पुरावरूनही उंची सुधारता येत नाही, तर टिटवीला पुढच्या चार महिन्यांचा पाऊस कळतो असे मानण्यास आधार नाही.

प्रश्न : हे पक्षी दरवर्षी त्याच जागी येतात का? (एक वाचक, पणजी)

बऱ्याचदा येतात. ज्या जागी पिल्ले यशस्वीपणे बाहेर पडली, त्या परिसरात पुढच्या वर्षी परतण्याकडे अनेक जातींचा कल असतो, आणि अपयश आलेल्या जोड्या तुलनेने अधिक जागा बदलतात. केंटिश चिखल्याच्या बाबतीत एक वेगळेपण आहे : पिल्ले लहान असतानाच मादी बऱ्याचदा ती नराच्या स्वाधीन करून निघून जाते आणि त्याच हंगामात दुसऱ्या नराबरोबर, कधी कधी बऱ्याच लांब जाऊन, पुन्हा घरटे करते.

प्रश्न : आमच्या जवळच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाळूचा मोठा भाग दोरी बांधून बंद केला जातो. आत पाहिले तर काहीच दिसत नाही. काही घरट्यांवर जाळीचे पिंजरे मात्र दिसतात. याचा उपयोग होतो का? (न्यू जर्सी येथील एक मराठी वाचक)

काहीच दिसत नाही, हेच त्या दोरीचे यश आहे. ती दोरी पायपिंग प्लोव्हरसाठी बांधली जाते. या पक्ष्याला अमेरिकेत 1986 पासून केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या राज्यातील होलगेट येथील किनारा तर विणीच्या काळात पूर्णपणे बंद ठेवला जातो आणि सँडी वादळानंतर तेथे या पक्ष्याला मोठी जागा मिळाली.

दोरी बांधताना सापडलेल्या घरट्याभोवतीच नव्हे, तर हंगामाच्या सुरुवातीलाच संपूर्ण योग्य पट्ट्याभोवती ती बांधली जाते, त्यामागे कारण आहे. पक्षी जागा ठरवत असतात, त्या दिवसांतच माणसांचा वावर असेल, तर ते तिथे खळगे करतच नाहीत. त्यानंतर त्या जागी घरटे नसल्याचे पाहून ती जागा उपयोगाची नाही असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा असतो. व्हॅलेन्सियाच्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला, त्यातही माणसांच्या वर्दळीमुळे पक्षी आतल्या बाजूच्या, अधिक झाडीच्या आणि म्हणून कमी सोयीच्या जागांकडे ढकलले गेल्याचे दिसले. गोमेझ-सेर्रानो यांनी 2021 मध्ये त्याच भागातील किनाऱ्यांवरून आणखी एक निष्कर्ष मांडला : एकटा चालणारा माणूस जितके पक्षी अंड्यांवरून उठवतो, त्याच्या कितीतरी पट अधिक पक्षी कुत्रा बरोबर असलेला माणूस उठवतो. पक्षी कुत्र्याला शिकारी म्हणूनच ओळखतो, आणि तो पाळीव आहे की भटका, याने पक्ष्याच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

पिंजऱ्याची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. त्याची जाळी पक्ष्याला आत-बाहेर जाऊ देते आणि कोल्हे, रॅकून, कावळे यांना अडवते. त्यामुळे अधिक अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात, हे अनेक ठिकाणी दिसले आहे. पण काही ठिकाणी ससाण्यांनी आणि कोल्ह्यांनी पिंजरा हेच ठिकाण ओळखले आणि आत-बाहेर करणारे प्रौढ पक्षी टिपले. अंड्यांसाठी पालकाचा जीव धोक्यात घालण्याचे जे गणित पक्षी स्वतः टाळतो, तेच आपण त्याच्यावर लादतो. म्हणून आता पिंजरे सरसकट न लावता त्या त्या किनाऱ्यावरील शिकारी कोणते आहेत, हे पाहून लावले जातात. माझ्या मते हा बदल योग्य आहे.

प्रश्न : आमच्या शेतालगतच्या नदीपात्रात खड्यांमध्ये एका लहान पक्ष्याची अंडी दिसली. डोळ्याभोवती पिवळे कडे आणि गळ्यात काळा पट्टा होता. अंड्यांना ऊन लागू नये म्हणून मी वर बाभळीची फांदी टाकली आणि खूण म्हणून भोवती दगड रचले. हे बरोबर केले का? पात्रातून ट्रॅक्टरही जातात. (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

वर्णनावरून हा छोटा कंठेरी चिखल्या आहे. हा आपल्याकडचा कायम रहिवासी आहे आणि उन्हाळ्यात नदीपात्र उघडे पडते, तेव्हा अंडी घालतो. आपण काळजीपोटी केलेत, याबद्दल मनापासून आभार. परंतु फांदी आणि दगड काढून टाकावेत. फांदीमुळे अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला भोवतालचे दिसेनासे होते, आणि सपाट पात्रात अचानक उभी राहिलेली दगडांची रास कावळ्याला आणि कुत्र्याला नेमकी जागा दाखवते. काढण्याचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी, ऊन नसताना, एकट्याने आणि एकाच फेरीत करावे. दुपारी पक्षी पाच-दहा मिनिटे उठून राहिला, तरी तेवढ्यात अंडी तापून जातात. याच कारणाने छायाचित्रासाठीही जवळ जाऊ नये. पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत जाताना दिसला, तर तो आपल्याला अंड्यांपासून दूर नेत आहे असे समजून त्याच्या मागे निघून जावे.

खूण ठेवायचीच असेल, तर ती घरट्यापासून बरीच दूर, काठावरच्या एखाद्या झाडाला किंवा दगडाला करावी आणि तिथून घरट्याची दिशा व पावले वहीत लिहून ठेवावीत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला इजा करणे हा गुन्हा आहे, पण त्याहून अधिक उपयोग ट्रॅक्टरचालकाशी समोरासमोर बोलण्याचा होईल. ही अंडी साधारण साडेतीन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले एक-दोन दिवसांतच ती जागा सोडतात. आपण अंडी पाहिली तेव्हा त्यातले काही दिवस आधीच गेलेले असणार. चाकोरी तेवढ्या काळापुरती वीस-पंचवीस पावले बाजूने घ्यावी, अशी विनंती त्यांना करावी. अंडी पुन्हा त्याच भागात आढळली, तर पुढील वर्षी होळीनंतर लगेच, म्हणजे पक्षी जागा शोधू लागण्याच्या सुमारास, चाकोरी आधीच काठाकडून वळवलेली असावी.